अडवायचं की मोडीतच काढायचं? ब्लड कॅन्सर आणि प्रथिन-विघटनाची औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका रक्तविकार ओपीडीला लागून असलेल्या औषधांच्या खिडकीत मी बसते. डॉक्टरांसमोर विचारायचे राहून गेलेले प्रश्न बहुतेक वेळा या खिडकीशी येऊन थांबतात. हल्ली त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'कॅन्सरचं प्रथिनच नष्ट करणारं औषध' अशी बातमी टाकतं आणि दुसऱ्या दिवशी नातेवाईक मोबाईल काचेला लावून विचारतात, "हे आपल्याकडे कधी येणार?" गंमत अशी, की विचारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हातातल्या पिशवीत त्याच जातीचं औषध आधीपासून असतं.

हे प्रथिन-विघटन म्हणजे नेमकं काय?

पेठेतल्या एखाद्या बोळात बेकायदा गाळा उभा राहिला, तर महापालिका दोन गोष्टी करू शकते. गाळ्याला सील ठोकायचं किंवा गाळाच पाडायचा. सील ठोकलं की धंदा बंद होतो, पण भिंती उभ्याच राहतात. शेजारचा त्या भिंतीला टेकून पत्रा ठोकतो आणि एखाद्या रात्री सीलही तुटतं. कॅन्सरची बरीचशी 'टार्गेटेड' औषधं सील ठोकणारी आहेत. पेशीला बेफाम वाढवणाऱ्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसायचं आणि त्याचं काम अडवायचं, एवढंच ती करतात. विघटन करणारी औषधं गाळा पाडायला लावतात.

'पाडायला लावतात' हे मुद्दाम म्हटलं. औषध स्वतः काहीच पाडत नाही. पाडण्याची यंत्रणा आपल्या प्रत्येक पेशीत आहेच. औषध त्या यंत्रणेला फक्त पत्ता देतं.

ही यंत्रणा शरीरात कशासाठी असते?

पेशीत रोज नवी प्रथिनं तयार होतात. जुनी, वाकडी घडी पडलेली किंवा काम संपलेली प्रथिनं काढून टाकावी लागतात. अशा प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. साखळी दिसली की प्रोटिअसोम नावाची नळकांड्यासारखी यंत्रणा ते प्रथिन आत ओढून त्याचे तुकडे करते. तुकड्यांतली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. युबिक्विटिनच्या या कामाचा उलगडा केल्याबद्दल आरोन सिकॅनोव्हर, अवराम हर्शको आणि आयर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

साखळी कुणावर चिकटवायची हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ई३ लायगेज म्हणतात. माणसाच्या पेशीत ती सहाशेच्या वर आहेत आणि प्रत्येकाची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. आजवरच्या औषधांनी त्यांतली अगदी मोजकीच वापरली आहेत. त्यातलं सेरेब्लॉन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

प्रथिनं नष्ट करायची म्हणजे डाळ, अंडी, पनीर बंद करायचं का?

नाही. हा प्रश्न विचारताना लोक ओशाळतात, पण शंका अगदी रास्त आहे. वरणातलं प्रथिन पोटात पचून अमिनो आम्लं होऊनच रक्तात जातं. औषध ज्यावर काम करतं ते पेशीच्या आत, तिच्या जनुकांच्या हुकमानुसार बनलेलं विशिष्ट प्रथिन असतं. उपचार चालू असताना वजन आणि ताकद टिकवायला आहारातली प्रथिनं लागतातच. मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरमध्ये, मूत्रपिंडाला त्रास झालेला असेल तर किती खायचं ते डॉक्टर सांगतील. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आमटी सोडू नका.

मग माझ्या पिशवीतलं कुठलं औषध या जातीचं?

मायलोमासाठी लेनालिडोमाइड किंवा पोमालिडोमाइडच्या कॅप्सूल चालू असतील तर तेच.

या औषधांची आजी म्हणजे थॅलिडोमाइड. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून ते बाजारात आलं. गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं. हातपाय खुरटलेली मुलं जन्मू लागली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात औषध मागे घेतलं गेलं, पण तोवर दहा हजारांहून जास्त बाळांना त्याचा फटका बसला होता. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली होती, त्यामुळे तो देश बराचसा वाचला.

गोष्ट तिथंच संपायची, पण १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी कुष्ठरोगातल्या वेदनादायक गाठींनी तळमळणाऱ्या रुग्णांना झोप लागावी म्हणून हे औषध दिलं आणि गाठीच ओसरल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर उपचार थकलेल्या ८४ मायलोमा रुग्णांना थॅलिडोमाइड दिलं आणि जवळपास एक तृतीयांश रुग्णांत आजार मागे हटला. मायलोमाच्या उपचारांचं वळण तिथून बदललं. लेनालिडोमाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली, पोमालिडोमाइडला २०१३ मध्ये.

इतकी वर्षं हे औषध नक्की करतं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या रक्तवाहिन्या रोखतं, प्रतिकारशक्ती चाळवतं, असे तर्क होते. २०१० मध्ये टोकियोत हिरोशी हांडा यांच्या गटाने थॅलिडोमाइड पेशीत कुणाला चिकटतं ते शोधून काढलं. ते होतं सेरेब्लॉन. २०१४ मध्ये पुढचं कोडं सुटलं. औषध सेरेब्लॉनच्या एका कडेला बसलं की त्या जागेचं रूप बदलतं आणि एरवी ज्यांच्याकडे सेरेब्लॉन ढुंकूनही पाहत नाही अशा इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांना ते धरू लागतं. त्यांच्यावर युबिक्विटिन चढतं आणि प्रोटिअसोम त्यांचा फडशा पाडतो. मायलोमाच्या पेशी या दोघांच्या जिवावर जगतात, म्हणून त्या मरतात. अशा औषधांना 'मॉलिक्युलर ग्लू' म्हणतात, कारण एरवी एकमेकांकडे न फिरकणारी दोन प्रथिनं ती चिकटवतात.

म्हणून कुणी 'अगदी नवं तंत्र' म्हटलं की मला जरा हसू येतं. औषध आधी आलं, ते चालतं कसं हे कितीतरी वर्षांनी कळलं.

"माझं वय बहात्तर. मला गर्भारपणाचं काय सांगताय?"

एका आजींनी खिडकीत असं ठणकावून विचारलं होतं. मी विचारलं, "आजी, गोळ्या डब्यात कोण भरून देतं?" तर म्हणाल्या, "सूनबाई." सूनबाई मागेच उभ्या होत्या, तिशीच्या.

म्हणून सांगावं लागतं. बाळाच्या अवयवांच्या घडणीत लागणारं साल४ नावाचं प्रथिन थॅलिडोमाइडमुळे याच मार्गाने मोडतं, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. दुष्परिणामाची आणि गुणाची वाट एकच निघाली. आणि उंदरांवरच्या चाचण्यांत धोका का दिसला नाही? उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे. तेवढ्या फरकाने ही प्रथिनं धरलीच जात नाहीत.

घरात पाळायचं ते असं. कॅप्सूल फोडू नये, चघळू नये, पाण्यात विरघळवून देऊ नये. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बाईने तिला उघड्या हाताने शिवू नये. रुग्ण पुरुष असेल तर औषध वीर्यात उतरू शकतं, म्हणून निरोध वापरायचाच. रुग्ण तरुण स्त्री असेल तर औषध सुरू होण्याआधी चार आठवडे, चालू असताना आणि बंद केल्यावर चार आठवडे गर्भनिरोधन काटेकोर हवं. त्या काळात रक्तदानही नाही. उरलेल्या कॅप्सूल दुसऱ्या रुग्णाला 'उपयोगी पडतील' म्हणून परस्पर देऊ नका. खिडकीत परत आणा.

मला बोर्टेझोमिबचं इंजेक्शनही आहे. ते तर प्रोटिअसोम बंद करतं ना? मग दोन्ही एकदम कशी?

हा प्रश्न एका इंजिनिअर मुलाने विचारला होता आणि तो खरोखर चांगला आहे. एक औषध पाडकामाला माणसं धाडतं आणि दुसरं पाडकामाचं यंत्रच अडवतं!

मायलोमाच्या पेशी म्हणजे बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी. अँटिबॉडी बनवणं हे त्यांचं काम असल्याने त्यांच्यात प्रथिनांचा लोंढा अखंड चालू असतो आणि निकामी मालही मोप निघतो. प्रोटिअसोम अडवला की निकामी प्रथिनं तुंबतात आणि पेशी गुदमरते. साध्या पेशीवर एवढा ताण नसतो. २००३ मध्ये मान्यता मिळालेलं बोर्टेझोमिब याच जोरावर चालतं. मात्र त्याचा अडसर अर्धवट आणि तात्पुरता असतो, पुढच्या इंजेक्शनपर्यंत प्रोटिअसोम बराचसा सावरतो. त्यामुळे लेनालिडोमाइडचं काम पूर्ण थांबत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसकट या तिघांचं त्रिकूट जगभर वापरात आहे आणि निकाल चांगले आहेत.

एक पथ्य जाताजाता. बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टी आणि तिच्या अर्काच्या गोळ्या टाळा. ग्रीन टीमधला एक घटक थेट या औषधालाच चिकटून त्याला निकामी करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपला साधा दुधाचा चहा चालतो.

आईला एमडीएस आहे, रिपोर्टवर 'डिलीशन ५क्यू' लिहिलंय. तिलाही हेच औषध का?

एमडीएस म्हणजे अस्थिमज्जेत धड रक्तपेशी तयार न होण्याचा आजार. 'डिलीशन ५क्यू' म्हणजे पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा तिच्या बिघडलेल्या पेशींतून गळालेला आहे. त्या तुकड्यावर केसिन कायनेज १ अल्फा या प्रथिनाचं जनुक असतं. दोन प्रतींपैकी एक गेली, म्हणून त्या पेशीत हे प्रथिन मुळात निम्मंच. लेनालिडोमाइड सेरेब्लॉनकरवी हेही प्रथिन मोडतं. निरोगी पेशीकडे दोन प्रती असल्याने ती तग धरते, बिघडलेली पेशी कोलमडते. पेशीचं जे नुकसान झालंय त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवणारी इतकी नेमकी उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. ज्यांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, अशा अनेकांची ती गरज यामुळे सुटते. सुरुवातीला मात्र पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वारंवार करावी लागते. ती चुकवू नका.

आर्सेनिक म्हणजे सोमलच ना? मग वैद्यांकडचं भस्म का नको?

या प्रश्नावर मी घाई करत नाही, कारण विचारणाऱ्याचं अर्धं बरोबर असतं.

एपीएल हा ल्युकेमियाचा एक प्रकार आहे. त्यात १५ आणि १७ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन तयार होतं आणि रक्तपेशी अर्धवट वयातच अडकून पडतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव. पूर्वी हा सगळ्यात लवकर जीव घेणारा ल्युकेमिया मानला जाई. चीनमध्ये हार्बिनच्या झांग टिंगडाँग आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एका लोकऔषधातून छाननी करत करत आर्सेनिक ट्रायऑक्साइडपर्यंत मजल मारली. शांघायच्या वांग झेनयी यांनी अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एट्रा हे औषध वापरलं. पुढे कळलं की दोन्ही औषधं तेच जोडप्रथिन मोडीत काढतात. आर्सेनिक त्याच्या पीएमएल भागाला चिकटतं, त्यावर आधी सुमो नावाची खूण चढते, ती पाहून आरएनएफ४ हे ई३ लायगेज युबिक्विटिन लावतं आणि प्रोटिअसोम उरलेलं काम करतो.

कमी आणि मध्यम जोखमीच्या एपीएलमध्ये एट्रा आणि आर्सेनिक एवढ्यावर, नेहमीच्या केमोशिवाय, नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. २०१३ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधीच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले होते. आपल्या देशातलं हे काम जगात मानलं जातं आणि आपल्याच लोकांना माहीत नसतं.

आता उरलेलं अर्धं. रुग्णालयात दिलं जातं ते शुद्ध, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं आर्सेनिक. ते चालू असताना ईसीजी काढतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासतात, कारण हृदयाची लय बिघडू शकते. ताप, धाप आणि वाढतं वजन दिसलं तर 'डिफरन्सिएशन सिंड्रोम' समजून तातडीने स्टेरॉइड सुरू करतात. पुडीतल्या भस्मात किती आर्सेनिक आहे, कुठल्या रूपात आहे, सोबत पारा किंवा शिसं आहे का, हे कोण मोजणार? शिवाय हा गुण एपीएलपुरता आहे, कारण ते जोडप्रथिन दुसऱ्या ल्युकेमियात नसतंच. आणि एपीएलमध्ये पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. नुसती शंका आली तरी पक्क्या रिपोर्टची वाट न पाहता एट्रा सुरू करतात. त्या दिवसांत पुडीचा प्रयोग करायला वेळच नसतो.

बातमीतलं 'प्रोटॅक' वेगळं का?

तत्त्व तेच, बनावट वेगळी. ग्लू योगायोगाने सापडले. प्रोटॅक ठरवून बांधतात. रेणूचं एक टोक नको असलेल्या प्रथिनाला धरतं, दुसरं टोक ई३ लायगेजला, मध्ये जोडणारी साखळी. कल्पना २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्रेग क्रूज आणि रेमंड देशाइज यांच्या गटांनी मांडली. माणसांवरच्या चाचण्या २०१९ मध्ये सुरू झाल्या, त्याही आधी प्रोस्टेटच्या कॅन्सरवर.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात पुढे आहेत ती बीटीके, म्हणजे पेशीला वाढीचे संदेश देणारं एक प्रथिन, मोडणारी औषधं. सीएलएल या संथ वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णांना इब्रुटिनिब हे औषध ओळखीचं असेल. ते बीटीके प्रथिनाच्या ४८१ व्या जागेवरच्या सिस्टिनला कायमचं चिकटतं. काही वर्षांनी पेशी ती जागाच बदलते आणि औषधाची पकड सुटते. आणखी एक चलाखी उशिरा लक्षात आली. काही बदलांत बीटीकेचं मूळ काम बंद पडलेलं असतं, तरी इतर प्रथिनं त्याला टेकून वाढीचे संदेश पुढे ढकलतच राहतात. मगाशी म्हटलं ते सील ठोकलेल्या गाळ्याच्या भिंतींचं, ते हेच. अशा वेळी अडवून भागत नाही, प्रथिनच नाहीसं व्हावं लागतं. बीजीबी-१६६७३ आणि एनएक्स-५९४८ ही औषधं त्यासाठीच चाचण्यांत आहेत आणि इब्रुटिनिबला दाद न देणाऱ्या रुग्णांतही त्यांनी आजार मागे हटवलेला दिसला आहे.

दुसरा फायदा असा, की एक प्रथिन मोडल्यावर प्रोटॅकचा रेणू सुटतो आणि पुढच्याला धरतो. अडचणीही आहेत. रेणू अवजड असल्याने गोळीतून नीट शोषला जाईल असा घडवणं जिकिरीचं असतं. आणि डोस अति झाला तर उलटंच होतं. काही रेणू नुसतं प्रथिन धरून बसतात, काही नुसतं लायगेज, दोघांची गाठ पडतच नाही. 'जास्त दिलं की जास्त गुण' हा हिशेब इथं चालत नाही.

ही केमोच का? केस जातील का?

नेहमीच्या अर्थाने केमो नाही. लेनालिडोमाइडने सहसा केस जात नाहीत. पण म्हणून ते सौम्य समजू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात, अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून बहुतेकांना सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध असतं. ते 'पोटाला त्रास नको' म्हणून परस्पर बंद करणारे महाभाग दर आठवड्याला भेटतात. एक पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर सरळ इमर्जन्सीत जा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो.

यानं आजार कायमचा जातो का?

एपीएलमध्ये बहुतेकांचा जातो. मायलोमात सहसा नाही. तो दबतो, वर्षानुवर्षं दबून राहू शकतो आणि पुन्हा डोकं वर काढू शकतो. पेशी सेरेब्लॉन कमी करतात किंवा त्याच्यात बदल करतात, मग औषधाला धरायला खुंटीच उरत नाही. सेरेब्लॉनला जास्त घट्ट धरणारी इबर्डोमाइड आणि मेझिग्डोमाइड ही पुढची पिढी त्यासाठीच तपासली जातेय. कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचा उपचार, हा वेगळा मार्ग आहे. तो या औषधांचा शत्रू नाही.

उपासाने शरीर स्वतःच खराब प्रथिनं जाळतं म्हणे?

ती वाट वेगळी, तिचं नाव ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचाच जुना माल पचवणं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, त्यामुळे फॉरवर्डला वजन येतं. उपासाने पेशी नेमकं कॅन्सरचं प्रथिन निवडून काढत नाही. कॅन्सरच्या पेशी टंचाईत तगण्यासाठी हीच वाट स्वतः वापरतात. एकादशीचा उपास श्रद्धेने करायचा असेल तर डॉक्टरांना सांगून करा. डायबेटिस आणि डेक्सामेथासोन एकत्र असेल तर साबुदाण्याची खिचडी साखर कुठं नेऊन ठेवेल सांगता येत नाही.

पुण्यात मिळेल का? खर्चाचं काय?

लेनालिडोमाइड, पोमालिडोमाइड, बोर्टेझोमिब, आर्सेनिक आणि एट्रा ही सगळी भारतीय कंपन्यांची जेनेरिक पुण्यात मिळतात. अमेरिकेतल्या किमतीचे आकडे वाचून घाबरू नका. ब्रँडनुसार दरात मोठा फरक पडतो, म्हणून चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

चाचण्यांतली औषधं दुकानात मिळत नाहीत आणि 'परदेशातून आणून देतो' म्हणणाऱ्याला थारा देऊ नका. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते, आजार आणि शहर टाकून शोधता येतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. मराठी प्रत मागा. ती घरी नेऊन वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि पाषाणच्या रासायनिक प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत औषध मिळतं का, असंही विचारतात. तिथं संशोधन होतं, ओपीडी नाही.

लेनालिडोमाइडची कॅप्सूल घ्यायची विसरली तर?

नेहमीच्या वेळेपासून बारा तास झाले नसतील तर आठवेल तेव्हा घ्या. त्याहून जास्त उशीर झाला असेल तर ती सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला एकच घ्या. दोन एकदम नाही. बऱ्याच रुग्णांना २१ दिवस औषध आणि ७ दिवस सुट्टी असते. सुटलेली कॅप्सूल त्या सात दिवसांत भरून काढायची नाही. पट्टीवर उरली असेल तर पुढच्या वेळी येताना बरोबर आणा, मी नोंद करून घेते.